वाचक आहे हो, त्याच्या कामाचं पुस्तक कुठे आहे?

मराठी माणूस वाचत नाही हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही, आणि निदान नागपुरात बसून तरी कोणी ते बोलू नये असं मला मनापासून वाटतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर या आणि स्वतः बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तेव्हापासून दरवर्षी लोक येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. मराठवाड्यातून, खानदेशातून जनरल डब्यात उभ्याने आलेला माणूस, ज्याच्या खिशात परतीच्या भाड्याचे पैसे मोजून ठेवलेले असतात, तो स्टॉलसमोर उकिडवा बसतो, पुस्तक उघडतो, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवतो, मधलं एखादं पान वाचून बघतो, किंमत विचारतो, एक परत ठेवतो आणि दुसरं घेतो. संविधानाची प्रत, बाबासाहेबांच्या भाषणांचे खंड, बावीस प्रतिज्ञांची पातळशी पुस्तिका, पोरांसाठी स्पर्धा परीक्षेचं काहीतरी. त्याला कोणी वाचनसंस्कृतीवर भाषण दिलेलं नसतं. त्याला ते पुस्तक पाहिजे असतं, बस.

दुसरीकडे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात जा किंवा शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सहाला डोकावा, पोरं-पोरी एमपीएससीची पुस्तकं अक्षरशः पाठ करून राहिले आहेत. ही पुस्तकं भाषेच्या दृष्टीने काही ग्रेट नाहीत, पण त्यांच्यात एक गोष्ट असते जी आपल्या बाकीच्या माहितीपर पुस्तकांमध्ये जवळजवळ नसतेच, ती म्हणजे वाचक कोण आहे आणि त्याला या पुस्तकातून काय करायचंय हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. अभ्यासक्रम बदलला की आवृत्ती बदलते, मागच्या वर्षीचे प्रश्न आत येतात, आणि पुस्तक कामाचं नसेल तर पोरं दुसऱ्याच महिन्यात एकमेकांना सांगून टाकतात की हे घेऊ नको.

तर माझं म्हणणं असं आहे की मराठीत शेती, आरोग्य, कायदा, पैसा, घर, पालकत्व अशा विषयांवर लिहिणाऱ्याने आपल्याला काय काय माहीत आहे तिथून सुरुवात करणं थांबवावं. अमुक एक माणूस, अमुक अडचणीत, हे पुस्तक वाचून झाल्यावर काय करू शकला पाहिजे, तिथून सुरुवात करावी. आणि ते त्याला खरंच करता येतं का हे छापायच्या आधी तपासावं. आपल्याकडे हे होत नाही, आणि वाचक मिळत नाही म्हणून जी तक्रार चालू असते तिचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

मी संपादनाच्या, मुद्रितं तपासायच्या कामात आहे त्यामुळे हस्तलिखितं हातात येत असतात. लेखक प्रामाणिक असतो, त्याने आयुष्यभर तो विषय केलेला असतो, आणि तरीही पुस्तक हाती घेतल्यावर आधी शुभेच्छा संदेश, मग प्रस्तावना, मग मनोगत, ऋणनिर्देश, मग पहिलं प्रकरण त्या विषयाचा उगम आणि इतिहास, दुसरं प्रकरण त्याचं महत्त्व, आणि ज्याच्यासाठी माणसाने पुस्तक घेतलं ती गोष्ट कुठेतरी सातव्या-आठव्या प्रकरणात दोन परिच्छेदांत उरकलेली. वाचक तिथपर्यंत पोचतच नाही.

एक उदाहरण जरा नीट बघू. आपल्या भागात काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा संत्र्याचा पट्टा. झाडाच्या बुंध्याला डिंक्या लागतो, साल सडते, डिंक गळतो, आणि लक्ष दिलं नाही तर झाड जातं. आता यावर पुस्तकात वाक्य काय असतं, तर "रोगट साल खरवडून बोर्डो पेस्ट लावावी." वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, कोणी त्यात चूक काढू शकत नाही. पण ज्याने नुकती वडलांकडून बाग हातात घेतली आहे त्या पोराला या वाक्याचं काय करायचं? त्याला हे पाहिजे की एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पाच लिटर पाण्यात वेगळं भिजवायचं, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात वेगळा विझवायचा, चुना थंड होऊ द्यायचा आणि मग दोन्ही एकत्र करायचं. हे सगळं प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात करायचं, लोखंडी बादलीत नाही, कारण मोरचूद लोखंडाला खातो आणि पेस्टमधलं तांबं बादलीवर जाऊन बसतं. तयार झाल्यावर विळ्याचं घासलेलं पातं त्यात बुडवून बघायचं, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून टाकायचा. केलेली पेस्ट त्याच दिवशी वापरायची, जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बुंध्याला लावायची, एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नंतर. आणि पेस्ट म्हणजे फवारणीचं मिश्रण नव्हे, एक टक्क्याच्या मिश्रणाला तेवढ्याच मोरचूदाला आणि चुन्याला शंभर लिटर पाणी लागतं, हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. हे सगळं मिळून अर्ध्या पानाच्या वर जात नाही. आणि विळ्याच्या पात्याची ती एक ओळ असली ना, तर शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या वावरात उभं राहून कळतं की आपलं बरोबर झालं की चुकलं. माझ्या मते पुस्तकाने वाचकाला द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, की जमलं की नाही ते त्याचं त्याला तपासता आलं पाहिजे.

अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, वर्धा रोडवर कापसाची आहे, मातीच्या सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो इथेच, पर्यावरणाची संशोधन संस्था नीरी इथेच. देशभरातले शास्त्रज्ञ ज्या प्रश्नांवर नागपुरात येऊन काम करतात ते प्रश्न आपल्याच वावरातले आहेत. माहितीची कमतरता नाहीच. ती माहिती आणि बुंध्याजवळ उभा असलेला माणूस यांच्यामधलं जे लेखन पाहिजे ते कमी पडतंय, आणि ते लेखन म्हणजे कमी दर्जाचं काम असं आपण कुठेतरी मनात धरून बसलो आहोत.

आरोग्याचं तर याच्यापेक्षा गंभीर आहे. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, पिढ्यान् पिढ्या आहे, आणि १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. तपासण्या होतात, घरी रिपोर्ट येतो, त्याच्यावर एएस (वाहक, म्हणजे स्वतःला आजार नाही पण लेकरांत जाऊ शकतो) किंवा एसएस (स्वतःलाच आजार) लिहिलेलं असतं, आणि त्या दिवशी त्या घरात काय प्रश्न असतात याचा विचार करा. आई विचारते माझं लेकरू जगेल का. बाप विचारतो दुसरं मूल होऊ द्यायचं का. आजी विचारते हे कोणाकडून आलं, तुमच्याकडून का आमच्याकडून. मोठ्या मुलीचं लग्न व्हायचं असेल तर तिच्या रिपोर्टचं काय, सांगायचं का लपवायचं. आणि या विषयावर लिहायला बसलेला माणूस पहिल्या पानावर काय लिहितो, तर हिमोग्लोबिनची रचना. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात ते चित्र. ते पण पाहिजे, मी नाही म्हणत नाही, पण ते पहिल्या पानावर नको.

त्यातही एक जागा अशी आहे जिथे अर्धवट वाक्यामुळे घरं उद्ध्वस्त होऊ शकतात. आईवडील दोघंही वाहक म्हणजे एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बरोबर आहे. पण वाचणारा त्याचा अर्थ काय लावतो, की चार लेकरांत एक. म्हणजे पहिलं लेकरू आजारी निघालं तर आता पुढची तीन चांगली होतील. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात तीच २५ टक्के शक्यता नव्याने असते, आधी काय झालं त्याचा पुढच्याशी संबंध नाही. एसएस २५, एएस ५०, पूर्ण निरोगी २५, दर वेळी. ही एक ओळ जास्तीची लिहिली की नाही यावर एखाद्या जोडप्याचा आयुष्यभराचा निर्णय ठरू शकतो. तसंच एक जण एएस आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर त्यांना एसएस मूल होत नाही, म्हणजे वाहक मुलीचं लग्न मोडायचं काही एक कारण नाही, फक्त होणाऱ्या नवऱ्याची तपासणी करून घ्या. गर्भातल्या बाळाची तपासणी होऊ शकते पण ती ठरावीक आठवड्यांतच, म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना सांगा. ताप आला तर घरी वाट बघत बसू नका, एसएस असलेल्या लेकराची प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) नीट काम करत नसते आणि जंतुसंसर्ग फार पटकन वाढतो. पाणी भरपूर प्यायला द्या, थंडीत सांभाळा, हायड्रॉक्सियुरिया या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने सुरू किंवा बंद करू नका. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे, म्हणजे प्रमाणपत्र मागता येतं. या प्रश्नांच्या क्रमाने लिहिलेलं साठ पानांचं, मोठ्या टायपातलं पुस्तक जर प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असलं तर काय होईल विचार करा.

हे प्रश्न लेखकाला कळणार कसे, तर विचारून. दुसरा रस्ता नाही. आणि ही काही बाहेरून आणलेली आयडिया नाही बरं का. महात्मा फुल्यांनी "शेतकऱ्याचा असूड" १८८३ मध्ये पूर्ण केला, तो लिहीत असतानाच ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवत होते. छापायच्या आधी! ज्यांच्याबद्दल लिहिलंय, ज्यांच्यासाठी लिहिलंय, त्यांच्यासमोर बसून. कोण कुठे मान हलवतो, कोण कुठे अडवतो हे लिहिणाऱ्याला समोरासमोर दिसतं. दीडशे वर्षं होत आली, आज आपल्याकडे मोबाईल आहे, व्हॉट्सॲपवर एक प्रकरण पन्नास लोकांना पाठवायला दोन मिनिटं लागतात, तरी आपण हस्तलिखित दाखवतो कोणाला तर ज्यांच्याकडून प्रस्तावना पाहिजे त्यांना. ते विद्वान असतात, ते कौतुक करतात, पण त्यांना बोर्डो पेस्ट करायची नसते.

कमलाबाई ओगल्यांची "रुचिरा" बघा, १९७० ची. मापं वाटीत आणि चमच्यात दिली, घरात जे आहे त्याच्यात. अंदाजाने घ्या, चवीनुसार घ्या म्हणून नुकत्या लग्न झालेल्या, आईपासून दूर गेलेल्या मुलीला वाऱ्यावर सोडलं नाही. म्हणून ते पुस्तक पिढ्यान् पिढ्या मुलींच्या सामानात गेलं. तिथे वाचक शोधायला जावं लागलं नाही.

वाचून दाखवायचं म्हणजे "कसं वाटलं" विचारायचं असं नाही, कारण आपल्याकडे कोणी तोंडावर वाईट म्हणत नाही, छान आहे काका म्हणतात आणि चहा देतात. करायला लावायचं. प्रकरण हातात द्या आणि म्हणा, हे वाचून आता सातबाऱ्यावरचा फेरफार नंबर शोधून दाखव. हे वाचून मला सांग, तुझ्या लेकराला रात्री ताप आला तर तू काय करशील. जिथे तो अडखळला तिथे पुस्तक कच्चं आहे, त्याच्यावर वाद नाही. असे पाच-सहा लोक जरी केले तरी निम्मं हस्तलिखित बदलतं, बरंचसं उडतं, आणि जे उडतं ते बहुतेक लेखकाला सगळ्यात आवडलेलं असतं, हे अवघड आहे पण करायला पाहिजे.

आता हे का होत नाही, त्यात पैशाचा भाग मोठा आहे. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याच्याखाली अ, ब, क, ड वर्गाची गावोगावची ग्रंथालयं आहेत, त्यांना अनुदान मिळतं आणि त्यातला ठरावीक भाग पुस्तक खरेदीला जातो. फार चांगली व्यवस्था आहे, ती नसती तर कितीतरी गावांत पुस्तक दिसलंच नसतं. पण याच व्यवस्थेमुळे असंही झालं की पुस्तक विकलं जायला वाचकाने ते मागावं लागत नाही. यादीत आलं, गठ्ठ्यात गेलं, रजिस्टरला नोंद झाली, कपाटात बसलं. छोट्या आवृत्तीचा खर्च निघाला, किंवा लेखकाने स्वतःच पैसे भरलेले असतात त्यामुळे तोही प्रश्न नाही. मग वाचकाला ते पुस्तक उपयोगी पडलं की नाही हे कळायची वाटच या सगळ्यात कुठे उरत नाही, आणि प्रकाशकाला तरी दोष किती द्यायचा, त्याचं पण घर चालायचंय.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतात आणि दोन्हीत तथ्य आहे. एक म्हणजे सगळं उपयोगाच्या तराजूत टाकलं तर पुस्तकं गाईडसारखी होतील, विचार मरेल, इतिहास, चरित्र, समाजशास्त्र कोण लिहील. पण मी गरज म्हणतो ती फक्त कामाची गरज नाही. दीक्षाभूमीवर जो माणूस भाषणांचा जाड खंड उचलतो त्याला काय पेस्ट करायची असते? त्याला जाणून घ्यायचं असतं की आपल्यासोबत काय झालं, का झालं, आपण कोण, आपल्याला मान ताठ करून जगायला आधार कशाचा. ही भुकेइतकी खरी गरज आहे. इतिहास लिहिणाऱ्यानेही स्वतःला विचारावं की माझा वाचक कोणता प्रश्न मनात घेऊन बसलाय. ते कळलं की तळटीपा, पुरावे, वाद सगळं लिहा, लोक वाचतात. आणि चरित्र असो की कायद्याचं पुस्तक, मागे सूची द्या. मराठी पुस्तकात शेवटी नावांची, विषयांची सूची नसणं हे मला खूप खटकतं. तीनशे पानांच्या पुस्तकात एक गोष्ट परत शोधायची तर वाचकाने काय करायचं? तसंच कायदा, योजना, औषधं यांच्या पुस्तकात ही माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते पहिल्याच पानावर ठळक पाहिजे, जुन्या नियमाच्या भरवशावर माणूस तहसीलला जाऊन दिवसाची मजुरी बुडवून परत येतो.

दुसरा आक्षेप म्हणजे यूट्यूब आहे ना, पुस्तक कशाला. व्हिडिओ चांगले आहेत, हात कसा फिरवायचा ते व्हिडिओतच कळतं, मी स्वतः बघतो. पण व्हिडिओत नेमकी ती ओळ शोधायला वीस मिनिटं पुढे-मागे करावं लागतं, कितीतरी वेळा सांगणारा माणूसच औषध विकणारा असतो, आणि चुकीचं सांगितलं तर उद्या तो व्हिडिओ काढून टाकेल, संपलं. पुस्तकावर नाव असतं, आवृत्ती असते, ते घरात राहतं, आजीपासून नातीपर्यंत जातं, आणि वावरात रेंज नसली तरी उघडतं.

आणि लिहिणारे आपल्यातच आहेत. नागपुरात निवृत्त झालेले किती तलाठी, दुय्यम निबंधक कार्यालयातले कर्मचारी, सिस्टर, लाइनमन, बँकवाले, कृषी सहायक असतील. बरेच जण लिहितात, आत्मचरित्र लिहितात, कविता लिहितात, खुशाल लिहावं. पण भाऊ, तुम्हाला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही. या शहरात प्लॉट घेणं म्हणजे काय हे ज्याने घेतला त्यालाच कळतं. जाहिरातीत एनए-टीपी (अकृषक आणि नगररचनेची मंजुरी) लिहिलेलं, आरएल (रिलीज लेटर) लिहिलेलं, कोणता भाग सुधार प्रन्यासकडे, कोणता एनएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, विनामंजुरी पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यात कोणता लेआउट बसतो, सातबारावर कोणाची नावं आहेत, आणि आयुष्यभराची पुंजी घेऊन समोर बसलेल्या माणसाला त्यातलं एकही कागद वाचता येत नाही. ज्यांनी तीस वर्षं हे कागद हाताळले त्यांनी एक सव्वाशे पानांचं पुस्तक लिहावं, प्रत्येक कागदाचा नमुना छापून, बाण काढून, इथे बघा, हे नसेल तर सही करू नका. असं पुस्तक मी स्वतः जीव लावून संपादित करीन.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. जुनी हस्तलिखितं, कोश, संशोधन यावर काम व्हायलाच पाहिजे. त्यासोबत एक साधी गोष्ट ग्रंथालयांकडून सुरू करता येईल आणि तिला नवीन निधीही लागत नाही. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा, कोणी काय मागितलं आणि आपल्याकडे ते नव्हतं, एवढंच लिहायचं. पुस्तकाचं नाव माहीत नसेल तर वाचकाचा प्रश्न जसाच्या तसा, त्याच्या भाषेत. वारसा फेरफार कसा करावा, बाई आल्या होत्या. शुगर असलेल्याने उपास करावा का. पोरगा दहावी नापास, पुढे काय. वर्षाच्या शेवटी जिल्हा ग्रंथालयाने या वह्या एकत्र करून त्यांची यादी प्रकाशकांना आणि विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थांना द्यावी, १९२३ पासून उभी असलेली संस्था आहे, लिहिणारे तिच्या हाकेला येतात. अनुदानाच्या खरेदीत पहिला नंबर त्या यादीतल्या प्रश्नावर लिहिलेल्या आणि पाच-सहा खऱ्या वाचकांकडून तपासून घेतलेल्या पुस्तकाचा लावावा. पुढच्या दसऱ्यापर्यंत नागपूर जिल्ह्यातल्या दहा-वीस ग्रंथालयांनी जरी ही वही ठेवली तरी चालेल, नंतर ती वाचायला आणि त्यातला एकेक प्रश्न लेखकांपर्यंत पोचवायला माझ्यासारखे लोक तयार आहेत.